पिस्टनची साक्ष : माकणीची राजदूत आणि ३० सप्टेंबर १९९३



आजचा भाग एका पिस्टनबद्दल आहे. मुठीत मावेल एवढा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. रेकॉर्डिंग करताना तो माझ्यासमोर टेबलावरच ठेवलाय. त्याच्या अंगावर ज्या उभ्या रेघा आहेत, त्या ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे उमटल्या, असं माझं म्हणणं आहे. आणि त्या रेघांमुळे आमच्या घरात तीस वर्षं चालत आलेला एक आरोप मोडला. म्हणजे मला तसं वाटलं. नेमकं काय झालं ते शेवटी सांगतो.

आधी गाव सांगतो. माकणी. धाराशिव जिल्हा, लोहारा तालुका. तेव्हा जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं. गावाशेजारी तेरणा नदीवर मातीचं धरण आहे, निम्न तेरणा प्रकल्प. सास्तूर जवळच, आणि किल्लारीही फार लांब नाही. किल्लारी म्हटलं की आमच्या आईवडिलांच्या पिढीतला कुणीही क्षणभर गप्प होतो. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बुडवून लोक दमून झोपलेले, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. भूकंप ६.२ च्या आसपासचा. जगात याहून मोठे भूकंप दरवर्षी होतात. पण इथं घरं दगडमातीची होती आणि वर माळवद. माळवद म्हणजे लाकडावर रचलेला जाड मातीचा थर. उन्हाळ्यात घर गार राहतं, पण पडलं तर टनावारी माती अंगावर. सरकारी आकडा आठ हजार मृत्यूंच्या जवळ जातो, काही ठिकाणी दहा हजारांपर्यंत सांगतात. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली.

माझा जन्म त्यानंतरचा. मला भूकंप गोष्टींमधूनच माहीत आहे. त्यातल्याच एका गोष्टीत एक मोटारसायकल आहे.

आजोबांची राजदूत १७५. तुमच्यापैकी अनेकांनी ती इन्स्टावर चकचकीत रंगवलेली बघितली असेल. मूळ गाडी चकचकीत वगैरे नव्हती. तिचं डिझाइन पोलंडमधल्या किएल्त्से शहरात बनणाऱ्या एसएचएल एम-११ या गाडीचं. साठच्या दशकात एस्कॉर्ट्स कंपनीनं त्याचा परवाना घेतला आणि फरिदाबादला राजदूत बनायला लागली. म्हणायला १७५, खरं इंजिन १७३ सीसीचं. १९७३ च्या ‘बॉबी’ सिनेमातली ती बुटकी गाडी म्हणजे हिचीच बहीण, जीटीएस. पण गावाकडं राजदूत म्हणजे दुधाच्या किटल्या, खताची पोती आणि एका गाडीवर चार माणसं. बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे तो काळ. चिखलात चालेल आणि गावातला मिस्त्री दुरुस्त करेल अशी गाडी ज्याच्याकडं, त्याला गावात मान होता.

आता थोडं इंजिनबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आजच्या तुमच्या गाडीत इंजिन ऑइल वेगळं असतं. खाली साठतं, पंपानं फिरतं, तीन हजार किलोमीटरनं बदलता. राजदूतसारख्या टू-स्ट्रोकमध्ये तसं नाही. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँक फिरतो त्या पोकळीत येतं, आणि तिथून बाजूच्या वाटांनी वर जाऊन जळतं. म्हणजे क्रँक, त्याचं बेअरिंग, गजन पिन, पिस्टन, सिलिंडर, सगळ्यांना वंगण मिळायचं ते पेट्रोलमधूनच. म्हणून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, लिटरला साधारण चाळीस-पन्नास मिली. कुणी हे विसरलं की काही किलोमीटरमध्ये इंजिन जाम.

त्यामुळे टू-स्ट्रोक गाडी जाम झाली की गावात निकाल आधीच लागलेला असायचा. “ऑइल टाकलं नसंल.”

आमच्या घरातही तोच निकाल लागला. धाकटे चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, तेव्हा वीस-बावीस वर्षांचे होते. आत्या सास्तूरला दिलेली. त्या पहाटे आमच्या घराचं अर्धं माळवद खाली आलं. माणसं वाचली. ढेलजेत उभी असलेली राजदूत मातीखाली गेली. कंदिलाच्या उजेडात ती उपसून काढली, दोन-चार किकमध्ये चालू झाली आणि तात्या सास्तूरकडं निघाले. वाटेत इंजिन धरलं. थांबून, गार होऊ देऊन परत चालू केलं, परत धरलं. तिसऱ्या वेळी किकच खाली जाईना. गाडी बांधाला टाकून ते पळत निघाले. पोचले तेव्हा दिवस वर आला होता. आत्याला शेजाऱ्यांनी नुकतंच बाहेर काढलं होतं. तिचा पाय बराच वेळ दगडाखाली होता. पुढं सोलापूरला तो गुडघ्याखाली कापावा लागला.

आठवड्यानं ढिगारा उपसताना घराच्या कोनाड्यातली ऑइलची शिशी सापडली. भरलेली. आजोबांनी ती तात्यांसमोर ठेवली आणि एवढंच विचारलं, “मग हे काय हाय?”

तात्यांचं म्हणणं होतं की आदल्या दिवशी पेट्रोल भरलं तेव्हा पंपावरच ऑइल टाकून घेतलं होतं, म्हणून घरची शिशी भरलेली राहिली. ते कुणी ऐकून घेतलं नाही. आजोबा वारले, पण गोष्ट राहिली. लग्नात, दिवाळीत, कुणी गाडीचा विषय काढला की तात्या उठून बाहेर जातात. त्यांनी परत कधी दुचाकी चालवली नाही. आणि राजदूत नव्या घराच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये, पोत्यांखाली पडून राहिली.

मी तिला हात लावला तो कुठलं सत्य शोधायला नाही. मला जुनी गाडी चालू करायची होती, बस. पण मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे रात्री सर्व्हर पडला की एक सवय लागते. आधी लॉग बघायचे, मग कुणाला फोन करायचा. रीस्टार्ट करायच्या आधी लॉग जपायचे, नाहीतर पुरावा पुसला जातो. जुन्या इंजिनचं तसंच आहे. घरी आणली, धुतली, जोरात किक मारली, असं केलंत तर दोन गोष्टी होतात. अडकलेल्या रिंगा तुटतात आणि तीस वर्षांचा लॉग वाहून जातो.

म्हणून पहिल्या दिवशी मी फक्त फोटो काढले. मग प्लग काढला, भोकातून थोडं डिझेल ओतलं आणि आठवडाभर तसंच ठेवलं. पुढच्या शनिवारी उमरग्याच्या एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं. टू-स्ट्रोकच्या जमान्यात हात काळे केलेला माणूस. त्यांनी हेड काढलं, सिलिंडरला लाकडी ठोकळ्यानं हळूहळू ठोकत वर घेतलं. पिस्टन बघितल्या बघितल्या म्हणाले, “बिनतेलाची पळवलेली हाय.”

म्हणजे तोच निकाल. माझा उत्साह गेला, खरं सांगतो. पण मी म्हटलं, आपण सगळं उघडू आणि एकेक खूण लिहून काढू.

पहिली खूण, पुढची बाजू. म्हणजे सायलेन्सरकडची, जिथून जळालेला धूर बाहेर पडतो. ही पिस्टनची सगळ्यात गरम बाजू. इथं अ‍ॅल्युमिनियम वितळल्यासारखं लेपाटलं होतं, रिंगांवरून खाली ओघळलं होतं. असं का होतं? पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तेवढ्याच उष्णतेला अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. दोघांमधली फट जेमतेम केसाच्या जाडीची. इंजिन प्रमाणाबाहेर तापलं की फट संपते, पिस्टन भिंतीला घासतो आणि चिकटतो. मग गार झालं की सुटतो. तात्यांची गाडी दोनदा सुटून तिसऱ्यांदा अडकली, ते याच्याशी जुळतं. पण ऑइल नसलं तरीही असंच होतं. एवढ्यावरून काही ठरत नाही.

दुसरी खूण, खालचा भाग. ऑइलच नव्हतं असं धरलं तर मार क्रँकलाही बसतो. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं बेअरिंग पूर्ण भार घेऊन फिरतं. कोरडं फिरलं की तापतं आणि लोखंडावर निळी-जांभळी झाक येते, मोडलेल्या ब्लेडवर तापल्यावर येते तशी. ही झाक वर्षानुवर्षं राहते. आम्ही क्रँक बाहेर काढला. गंज होता. पण झाक नव्हती. रॉड वर-खाली हलवून बघितला, खेळ नाही. गजन पिन गुळगुळीत, तिची बुश शाबूत. मिस्त्री बराच वेळ ते बेअरिंग बोटानं फिरवत बसले. मग म्हणाले, “हे बिनतेलाचं नाही.” त्यांनी आपला निकाल स्वतःच मागं घेतला. मला त्या माणसाबद्दल तेव्हापासून फार आदर वाटतो.

तिसरी खूण, मागची बाजू. कार्बोरेटरकडची, जिथून ताजी हवा आत येते. ही गार बाजू, इथं चिकटायचं कारणच नाही. तरी इथं शेकडो बारीक उभ्या रेघा होत्या, वाळूच्या कागदानं ओढल्यासारख्या. हे आत आलेल्या मातीचं काम. आता राजदूत काय, कुठलीही खेड्यातली गाडी धूळ खातच असते. त्यामुळं या रेघा जुन्या, रोजच्या असू शकतात. पण रोजची झीज पृष्ठभागाला गुळगुळीत, मळकट करते. या रेघा ठळक होत्या, धारेच्या होत्या. आणि एका ठिकाणी, पिस्टनच्या कडेला, रेघांच्या वर लेपाटलेलं अ‍ॅल्युमिनियम आलं होतं. म्हणजे आधी माती, मग चिकटणं.

वरचं नंतरचं, खालचं आधीचं. आमच्याच जिल्ह्यात, याच तेरणेच्या काठी वर तेर आहे. जुनं तगर. रोमन काळातल्या व्यापाराच्या वर्णनात त्याचं नाव येतं. तिथं उत्खनन करणारेही थर असेच वाचतात. आमच्या पिस्टनवर तीन थर होते. खाली मातीच्या रेघा, वर अ‍ॅल्युमिनियमचा लेप, आणि सगळ्यांवर तीस वर्षांचा गंज.

चौथी खूण बाहेरची. एअर फिल्टरकडून कार्बोरेटरला येणारा रबरी पाइप जागेवरून निसटलेला होता आणि त्या बाजूच्या पत्र्यावर मोठा पोचा. वरून काहीतरी जड पडलेलं. पाइप निसटला की गाळलेली नसलेली हवा थेट आत. माती येते ती येतेच, शिवाय मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. असं पातळ मिश्रण जास्त गरम जळतं. प्लगचं टोक पांढुरकं होतं, तेही हेच सांगत होतं. टू-स्ट्रोकचा प्लग तांबूस-तपकिरी असायला हवा.

पाचवी खूण बघून मी जमिनीवरच बसलो. हे इंजिन हवेवर गार होतं. त्यासाठी सिलिंडरच्या भोवती लोखंडी पाती असतात, मधून वारा खेळावा म्हणून. त्या पात्यांच्या फटी मातीनं गच्च भरून आवळलेल्या होत्या. आणि माती पांढरी होती.

आमच्या भागात शेतातली माती काळी. रस्त्याची धूळ काळपट. शेडवर पत्रे, तिथं माती पडायचा प्रश्न नाही. पांढरी माती येते फक्त एका ठिकाणाहून, माळवदावरून. गावाच्या जुन्या वस्तीची जी उंच जागा असते तिला पांढरी म्हणतात. लोक तिथली माती खणून आणून माळवदावर घालायचे. तीच माती, तेलात कालवून काळी झालेली, पुढं कार्बोरेटरच्या तोंडाशी आणि सिलिंडरच्या आतल्या वाटांमध्येही सापडली. बोटांनी चोळली की काळ्याच्या आतून पांढरं निघायचं.

म्हणजे घडलं ते असं. माळवद गाडीवर पडलं. पाइप निसटला, पाती बुजली. अंधारात गाडी काढली, चालू झाली. माती आत गेली, मिश्रण पातळ झालं, गार व्हायची वाट बंद झाली होती. इंजिन तापलं, धरलं. पेट्रोलमध्ये ऑइल होतं. भूकंपानं माणसांवर जे पाडलं, तेच गाडीवर पाडलं होतं.

इथं थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण माकणीचा माणूस ती टाळू शकत नाही. भूकंपानंतर आमच्या भागात आणखी एकावर आरोप झाला होता, आमच्या धरणावर. “पाणी साठवलं म्हणून जमीन हलली.” हा आरोप हवेतला नव्हता. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जलाशयामुळे घडला, हे जगभर मान्य आहे. शिवाय किल्लारी परिसरात १९९२ च्या ऑक्टोबरातच धक्के बसायला लागले होते. त्यामुळं शंका रास्त होती. शास्त्रज्ञांनी काय केलं? त्यांनीही इंजिन उघडलं. किल्लारीजवळ जमीन फाटली होती तिथं चर खणले, खोल बोअर मारले, तीनशे मीटरहून जाड काळ्या दगडाच्या खाली जाऊन बघितलं. काहींनी जलाशयाचा हात असू शकतो असं मांडलं. इतरांनी म्हटलं, जलाशय लहान आहे, हालचाल जमिनीतल्या जुन्या भेगेवर झाली. वाद पुरता मिटला नाही. पण त्या शोधातून एक ठोस गोष्ट बदलली. भूकंपाच्या नकाशात तोवर हा भाग सगळ्यात सुरक्षित, म्हणजे झोन एकमध्ये होता. २००२ साली तो झोनच रद्द झाला आणि आपला भाग झोन तीनमध्ये गेला. त्यानंतर इथं घर बांधताना काय नियम लागले, ते त्यावरून ठरलं. दोषी कोण, एवढंच विचारत बसलो असतो तर हे हाती लागलं नसतं.

आता माझ्या पुराव्यातली भोकंही सांगतो. क्रँकची रबरी सीलं दगडासारखी कडक झाली होती, ती तेव्हा गळत होती का हे आता कळू शकत नाही. ऑइल मापात होतं की थोडं कमी, तेही पिस्टन सांगत नाही. अजिबात नव्हतं असं नाही, एवढंच तो सांगतो. आणि गाडी चालली असती तर आत्याचा पाय वाचला असता का, याचं उत्तर कुठल्याच इंजिनात नाही.

तरी मी खूश होतो. तात्यांना शेडमध्ये बोलावलं. आधी “कशाला उकरून काढायलास?” म्हणाले. मग आले. मी सगळं दाखवलं. बेअरिंग, रेघा, पात्यांतली पांढरी माती. मला वाटलं होतं, ते रडतील, किंवा हसतील. त्यांनी माती चिमटीत घेतली, चोळली, बराच वेळ बघितली. मग विचारलं,

“मग निघायच्या आधी मी ही माती झटकायला पाहिजे होती का?”

मंडळी, मला काय बोलावं सुचेना. तीस वर्षांचं एक ओझं उतरवायला गेलो आणि माझ्याच पुराव्यानं दुसरं त्यांच्या हातात दिलं. मिस्त्री बाजूला उभे होते. ते म्हणाले, “अंधारात, बहीण तिकडं, आन् तुम्ही पाती साफ करत बसला असता का? मी मिस्त्री हाय, मी बी नसतो बसलो.” तात्या काही बोलले नाहीत. पण उठून बाहेरही गेले नाहीत.

त्या संध्याकाळी मी आत्याला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मी कधी म्हणलं त्यानं तेल टाकलं न्हाई म्हणून? म्हणणारे दुसरेच होते. मला विचारलंच न्हाई कुणी.” हे खरं आहे. तीस वर्षं आम्ही तिच्या पायाच्या नावानं बोलत होतो आणि तिलाच विचारलं नव्हतं. मी पिस्टनला विचारायला गेलो, त्याआधी फोन लावायला हवा होता.

टू-स्ट्रोकचा जमाना संपून आता बराच काळ झाला. १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली, पेट्रोलमध्ये तेल न मिसळणारी, एका लिटरमध्ये कितीतरी जास्त जाणारी. १९९६ आणि २००० साली धुराचे नियम कडक झाले आणि तेल जाळणारी इंजिनं रस्त्यावरून हटत गेली. ते योग्यच झालं, त्या निळ्या धुरात कुणालाही परत जगायचं नाही. पण घराघरांत, गोठ्यांत, शेडमध्ये अशा गाड्या अजून पडून आहेत. उघडणार असाल तर माझी एक विनंती. धुण्याआधी फोटो काढा. माती कुठली आहे बघा. जुना पिस्टन भंगारात देऊ नका. आणि घरात ज्याच्यावर गाडी बिघडवल्याचा ठपका आहे, त्याला आधी विचारा, त्या दिवशी काय झालं होतं.

सिलिंडर आता बोअरिंग करून आलाय, एक माप मोठा पिस्टन बसलाय. गाडी चालू झाली. पेट्रोलमध्ये ऑइल तात्यांनी मिसळलं, शिशीवर नखानं खूण करून, दोनदा मोजून. चालवली मात्र नाही. मीही आग्रह केला नाही.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.